खुबा दुखतोय पण एक्सरे नॉर्मल? दादरच्या या फिजिओकडे जा, फक्त लिफ्ट नाहीये

चार स्टार. पाचवा कापलाय तो जिन्यासाठी आणि पॅकेजच्या भानगडीसाठी, ते खाली सांगते. इथले बाकीचे रिव्ह्यू वाचले तर सगळीकडे 'स्टाफ खूप छान', 'मॅडम फार प्रेमळ' एवढंच, त्यातून आपण जावं की नाही ते काही कळत नाही, म्हणून मी जरा सविस्तरच लिहितेय. ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांनी सरळ शेवटचे दोन पॅरा वाचा, फी आणि वेळा तिथे आहेत.

माझं दुखणं खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, उजवीकडे. कमरेवर हात ठेवला की त्याच्या वीतभर खाली जे हाड हाताला लागतं ना, बरोब्बर तिथे. त्या कुशीवर झोपलं की रात्री जाग यायची, खुर्चीतून उठलं की पहिली चार पावलं लंगडत, आणि जिना म्हणजे तर शिक्षाच. हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, म्हणाले सांधा एकदम उत्तम आहे, गॅप छान आहे, वजन थोडं कमी करा. बरं झालं म्हटलं, पण मग दुखतंय काय? घराजवळ मुलुंडला एका ठिकाणी शेक आणि मशीन लावून घेतलं (नाव नाही घेत), तिथे पडून राहिलं की बरं वाटायचं आणि स्टेशनला पोचेपर्यंत परत जैसे थे. मग ऑफिसातल्या एकीने या सेंटरचं सांगितलं, आणि फोर्टहून घरी जाताना दादरला उतरणं मला सोयीचंच होतं.

पहिल्या वेळेला चांगला पाऊण तास देतात आणि त्यात मशीनला हातही लावत नाहीत हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पैसे देऊन नुसतं बोलून पाठवलं असं वाटायचं. फिजिओ मॅडम तिशीच्या असतील, मला काकू म्हणतात, पहिल्यांदा जरा लागलं पण ठीके. त्यांनी आधी मी कशी उभी राहते ते नुसतं बघितलं, मग चालायला लावलं, मग आरशासमोर एका पायावर उभं केलं. डाव्या पायावर ठीक. उजव्या पायावर उभी राहिले तर आरशात स्पष्ट दिसलं, डावीकडची कंबर खाली घसरत होती. या टेस्टला ट्रेंडेलेनबर्गची टेस्ट म्हणतात, जर्मन सर्जन होते, १८९५ मध्ये त्यांनी हे मांडलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीची टेस्ट, फुकटात होते, दोन मिनिटं लागतात, आणि तोपर्यंत मला कोणी केलेली नव्हती.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी मी या लोकांना मानते. ते वजन कुठून कुठे जातं हे समजावतात. त्यांच्याकडे प्लास्टिकचा सापळा आहे, त्याला रबरी पट्ट्या बांधून दाखवतात. आपण एका पायावर उभे असतो (आणि चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एका पायावरच असतो) तेव्हा बाकी सगळ्या शरीराचं वजन खुब्याच्या सांध्याच्या आतल्या बाजूला पडतं आणि कंबर तिकडे पाडायला बघतं. तिला धरून ठेवायचं काम खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंचं, ग्लुटिअस मिडियस आणि मिनिमस. पण वजन सांध्यापासून जितकं लांब असतं त्याच्या अर्ध्या-तिसऱ्या हिश्शावरच हे स्नायू असतात, त्यामुळे त्यांना वजनाच्या दुप्पट वगैरे जोर लावून ओढावं लागतं. आणि सांध्यात जो दाब येतो तो वजन अधिक ही ओढ, दोन्ही मिळून. पाउवेल्स नावाच्या जर्मन ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी हे गणित १९३५ च्या सुमारासच मांडलं होतं.

नंतर बर्लिनच्या बर्गमान वगैरे मंडळींनी तर कृत्रिम सांध्यातच सेन्सर घालून माणसांना चालवून मोजलं. २००१ च्या त्यांच्या आकड्यांप्रमाणे साधं चालताना सांध्यावर वजनाच्या साधारण २३८ टक्के जोर येतो, जिना चढताना २५१, उतरताना २६०. मॅडमनी कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं, ६० किलोचा माणूस धरला तर चालताना १४० च्या वर आणि जिना उतरताना दीडशेच्याही वर किलो. दादरचा पूल उतरताना प्रत्येक पायरीला. मी तर ६० च्या वरच आहे, पुढचं गणित मी करू दिलं नाही.

यातली एक गोष्ट मला फार आवडली कारण सगळीकडे उलटंच ऐकलं होतं. 'स्नायू मजबूत करा, सांध्यावरचं ओझं कमी होईल' असं व्हॉट्सॅपवर रोज येतं. मॅडम म्हणाल्या तसं सरळ नसतं, सांध्यावरच्या दाबाचा मोठा भाग स्नायूच तयार करतात. मग स्नायू कशाला वाढवायचे? तर तो दाब कुठे आणि कोणत्या दिशेने पडणार हे तेच ठरवतात. ते वेळेवर आणि पुरेसे ओढले तर कंबर सपाट राहते आणि मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत मधोमध बसतो, दाब वाटीच्या रुंद भागावर पसरतो. ते कमी पडले की कंबर पडते नाहीतर आपण धड टेकलेल्या पायाच्या बाजूला झुकवून चालतो, बदकासारखं चालतात म्हणतात ते हेच, आणि मग दाब कुठेतरी कडेला, छोट्या जागेवर. एवढं मला कोणी आधी सांगितलं असतं तर कुशीवर झोपून पाय वर-खाली करायचा तो बोअर व्यायाम मी पहिल्या दिवसापासून नीट केला असता.

भिंतीवर सांध्याचा एक मोठा तक्ता आहे, वाट बघताना तो वाचा, मोबाईल काय नेहमीचाच. वाटीच्या आतली कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत अस्तर) जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असते आणि त्यातलं ७० ते ८० टक्के पाणीच. दाब आला की बराचसा भार ते पाणीच पेलतं, कारण ते चटकन बाहेर पळू शकत नाही. आणि त्याला पळू न देण्यात मोठा हात लॅब्रमचा. लॅब्रम म्हणजे वाटीच्या काठावर जी चिवट, रबरासारखी कड असते ती. कुकरची रिंग डोळ्यासमोर आणा. रिंग स्वतः काही शिजवत नाही पण ती गेली की प्रेशरच धरत नाही, तसंच हे. नॉर्मल सांध्यात लॅब्रम स्वतः भाराचा फक्त १-२ टक्के वाटा उचलतं असं अमेरिकेतल्या २०११ च्या एका अभ्यासात निघालं, म्हणजे बघायला गेलं तर बिनकामाचं. पण २००० सालच्या दुसऱ्या एका कम्प्युटर मॉडेलमध्ये लॅब्रम काढून बघितलं तर कूर्चेवर कूर्चा टेकून येणारा ताण ९२ टक्क्यांपर्यंत वाढला! कारण सील गेलं, पाणी निसटायला लागलं आणि भार पाण्यावरून घन भागावर आला. आणि ज्यांची वाटी जन्मापासून उथळ असते त्यांच्यात हाच लॅब्रमचा वाटा ४ ते ११ टक्क्यांवर जातो, म्हणून त्यांच्यात ते लवकर फाटतं. हे मी दोनदा विचारून घेतलं कारण माझ्या भाचीला लहानपणी खुब्यासाठी पट्टे लावले होते.

आणि यातलं काहीच एक्सरेत दिसत नाही. कूर्चा नाही, लॅब्रम नाही, स्नायू नाहीत, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) नाहीत. एक्सरेतली ती छान 'गॅप' म्हणजेच कूर्चेची जागा. तेव्हा 'एक्सरे नॉर्मल' म्हणजे हाडं नॉर्मल, एवढाच निरोप असतो तो. मी विचारलं, मग एमआरआय करून टाकू का, तर म्हणाल्या आत्ता गरज नाही, लक्षणं स्पष्ट आहेत, व्यायामाने फरक नाही पडला किंवा जांघेत दुखून सांधा अडकायला लागला तर डॉक्टरांकडे परत पाठवेन. इथे मी मनातल्या मनात अर्धा स्टार वाढवला, कारण हल्ली आधी स्कॅन आणि मग नमस्कार अशी पद्धत आहे.

माझ्याच दुखण्याबद्दल. मला वाटत होतं सांधा दुखतोय, पण सांधा खरं तर बराच आत, जांघेत असतो. बाहेर हाताला लागतं ते मांडीच्या हाडाचं मोठं टोक, त्याला ते ग्लुटिअसचे टेंडन चिकटलेले असतात, आणि त्यांच्यावरून एक लांब चिवट पट्टा गुडघ्याच्या खालपर्यंत जातो, आयटी बँड. हा पट्टा कामाचा असतो, बाहेरून ताणून धरल्यामुळे मांडीच्या हाडाला येणारा वाक कमी होतो. पण मांडी आतल्या बाजूला गेली की तोच पट्टा त्या टेंडनांना हाडावर दाबतो. किती, याचे आकडे पण आहेत: पाय सरळ असताना साधारण ४ न्यूटन (जोर मोजायचं माप), १० अंश आत गेला की ३६, आणि ४० अंशाला १०६. दहा अंश म्हणजे काहीच नाही हो, आपण एका पायावर भार टाकून कंबर बाहेर काढून गप्पा मारत उभ्या राहतो ना, तेवढं. म्हणजे माझे स्नायू कमी पडणार, कंबर पडणार, त्याने मांडी आत जाणार, पट्टा टेंडनला दाबणार, दुखणार, दुखतं म्हणून स्नायू अजून कमी काम करणार. चाळीस ते साठ वयाच्या बायकांमध्ये हे भरपूर दिसतं म्हणे. पूर्वी सरसकट 'बर्साला (हाडाजवळच्या पाण्याच्या छोट्या पिशवीला) सूज' म्हणायचे, आता बहुतेकदा टेंडनचाच प्रॉब्लेम असतो हे कळलंय.

मग त्यांनी माझा दिवस विचारला, सकाळी उठल्यापासून. इथे खरी मजा. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर एका कुल्ल्यावर टेकून बसणं बंद, त्यापेक्षा उभं राहा. उभं राहायचं तर दोन्ही पायांवर, दांडीला लटकून एका बाजूला कलायचं नाही. ओटीपोट पुढे काढून मागे रेलून उभं राहायचं पण नाही, कारण तेव्हा स्नायू झोपतात आणि आपण खुब्याच्या पुढच्या लिगामेंटवर (हाडाला हाड बांधणारा पट्टा) लटकतो. ते वाय आकाराचं लिगामेंट शरीरातलं सगळ्यात ताकदवान मानतात, त्यामुळे ते निमूट सहन करतं, पण तशा उभं राहण्यात सांध्याच्या पुढच्या बाजूवर जोर वाढतो. पायावर पाय टाकून बसणं बंद. मांडी घालण्याला मात्र मनाई नाही, मी तर मनाई होईल या भीतीने गेले होते, मांडीत पाय बाहेर उघडतो, आत नाही जात, फक्त तासन् तास नको म्हणाल्या. झोपताना दुखऱ्या कुशीवर नको आणि दुसऱ्या कुशीवर झोपलं तर दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी, नाहीतर वरचा पाय आत पडतो. या उशीने पहिल्याच आठवड्यात झोप लागायला लागली, बाकीचं सगळं नंतर.

पिशवीचं ऐकून तर माझा विश्वासच बसला नाही. दुखतोय उजवा खुबा, तर पिशवी उजव्याच हातात घ्या म्हणे! आपण काय करतो, दुखऱ्या बाजूला आराम म्हणून डब्याची पिशवी, भाजीची पिशवी सगळं डावीकडे. पण उजव्या पायावर असताना डावीकडचं वजन कंबर अजून पाडतं आणि उजव्या स्नायूला अजून जोराने ओढावं लागतं. उजवीकडे धरलं की उलट त्याला मदत होते. काठीचं बरोबर याच्या उलट, काठी चांगल्या बाजूच्या हातात. माझ्या वेळेला एक आजी यायच्या नायगावहून, त्यांच्या मुलाने हौसेने काठी आणून दुखऱ्याच बाजूला धरायला शिकवलं होतं, मॅडमनी हात बदलून दिला तर आजी पॅसेजमध्ये दोन फेऱ्या जास्त मारून आल्या आणि मुलाकडे अशा काही बघत होत्या की विचारू नका.

व्यायाम थोडेच देतात, पण नीट. सुरुवातीला तर हालचालही नाही, नुसतं पाय बाहेर ढकलतोय असा जोर लावून धरायचं, मग पाठीवर झोपून कंबर उचलणं, मग खुर्चीतून सावकाश उठबस, मग पायांना रबरी पट्टा बांधून आडवं चालणं, शेवटी पायरी. आयटी बँडचं ते ताणून ताणून स्ट्रेचिंग मी यूट्यूब बघून करायचे ते सगळ्यात आधी बंद केलं, कारण त्यात मांडी आतच ओढली जाते. नियम एकच, करताना थोडं दुखलं तर चालेल पण त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असलं तर आपण जास्त केलं. इंजेक्शनचं विचारलं तेव्हा त्यांनी २०१८ चा ऑस्ट्रेलियातला २०४ लोकांवरचा ट्रायल सांगितला, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला: आठ आठवड्यांनी व्यायाम आणि माहितीवाल्या गटात ७७ टक्के लोक म्हणाले बरंय, स्टिरॉइड इंजेक्शनवाल्यांत ५८, आणि नुसतं थांबून बघणाऱ्यांत २९. तरी घ्यायचं तर डॉक्टरांशी बोला, माझा विरोध नाही, असंही म्हणाल्या. स्वतःच्या धंद्याच्या बाजूचा आकडा आहे हे मला कळतं, पण आकडा खरा आहे, मी घरी येऊन शोधला.

माझं सांगायचं तर आता बरं आहे, पूर्ण नाही. कुशीवर थोडा वेळ झोपता येतं, जिना चढताना विचार करावा लागत नाही, उतरताना अजून कधीकधी. टेंडनला महिने लागतात हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार नाही.

तक्रारी दुसऱ्या आहेत. एक म्हणजे जागा. खुबा-गुडघ्याचं सेंटर आणि ते जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, लाकडी जिना, पायऱ्या उंच आणि मधल्या वळणावर दिवसासुद्धा अंधार. २५१ टक्के वगैरे वर जाऊन शिकवायचं आणि ते घेऊनच पेशंटने वर यायचं! त्या नायगावच्या आजींना दोघांनी धरून आणायचे. विचारलं तर दादरमध्ये तळमजल्याचं भाडं माहितीये का म्हणाले, ते पण खरंच आहे म्हणा. दुसरं, व्यायामाचा छापील कागद फक्त इंग्रजीत. तोंडी सगळं छान मराठीत समजावतात आणि हातात कागद देतात तो इंग्रजी, चित्रं पण पुसट. मागितलं की व्हिडिओ पाठवतात व्हॉट्सॅपवर, पण मागावं लागतं. तिसरं पॅकेज. रिसेप्शनवरचा मुलगा पहिल्याच दिवशी बारा सेशनचे पैसे एकदम भरा, डिस्काउंट आहे म्हणून मागे लागतो. भरू नका. मॅडमना आत विचारलं तर त्या स्वतःच म्हणाल्या की तुम्हाला दहा-पंधरा दिवसांतून एकदा आलात तरी पुरे, बाकी घरी करायचंय. मग बाहेर वेगळं का चालतं? हे त्यांनी आपसात मिटवावं. शनिवारी शिकाऊ मुली असतात, गोड आहेत पण एकीने मला पिशवी डाव्या हातात घ्या सांगितलं, मीच तिला सापळ्याजवळ नेऊन समजावलं.

कोणी जाऊ नये: ज्यांना मालिश हवंय, मशीनखाली पडून अर्धा तास डुलकी काढायचीये, किंवा घरी व्यायाम करणारच नाहीयेत. पडल्यानंतर पायावर उभंच राहता येत नाहीये, ताप आहे, किंवा वजन आपोआप उतरतंय असं काही असेल तर आधी डॉक्टर, फिजिओ नंतर, हे त्यांनीही बोर्डावर लिहून ठेवलंय.

पहिली व्हिजिट १२००, नंतर ७००, यूपीआय चालतं, कार्ड नाही. संध्याकाळी सहा ते आठ अपॉइंटमेंट असूनही वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागतं, सकाळी अकराच्या आसपास रिकामं असतं. सैल सलवार किंवा ट्रॅक पँट घालून जा, कपडे बदलायची जागा म्हणजे नुसता पडदा आहे. स्टेशनवरून पश्चिमेला उतरून चालत सात-आठ मिनिटं, पण संध्याकाळी रानडे रोडच्या गर्दीतून नको, मागच्या गल्लीतून या. आणि जिना चढताना कठडा डावीकडचा धरा, उजवीकडचा हलतो.